एवढी वाइन आणि घरात पाव नाही : लांगदोकच्या द्राक्षगावांची गोष्ट

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी हसत हसत विचारलं, की आज चाखायला काही मिळणार का? नाही मिळणार. आणि आज आपण ज्या वाइनबद्दल बोलणार आहोत ती चाखायला मिळाली असती, तरी तुम्ही दुसरा घोट घेतला असता असं आम्हाला वाटत नाही. पातळ, फिकी, थोडी आंबट, सात-आठ अंशांची. फ्रेंच वाइन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बोर्दोचे वाडे येतात, शॅम्पेनच्या बाटल्या येतात. लांगदोकची वाइन शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बाटलीत जात नव्हती. ती मोठाल्या पिंपांतून, आगगाडीच्या वाघिणीवर चढून पॅरिसला, लियोंला, उत्तरेच्या खाणींकडे जायची आणि तिथला कामगार ती जेवणाबरोबर प्यायचा. ज्वारी-बाजरीसारखं पीक समजा. त्याचा भाव पडला की काय होतं, ही आजची गोष्ट.

आधी जागा समजून घेऊ. फ्रान्सच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या काठाने, रोन नदीपासून पिरेनीजच्या पायथ्यापर्यंत जी कमान दिसते, तो हा भाग. गार, एरो, ओद आणि टोकाला पिरेने-ओरिआंताल असे चार जिल्हे. शहरं म्हणजे निम, मोंपेलिए, बेझिए, नार्बोन, कार्कासोन, पेर्पिन्याँ. 'लांगदोक' या नावातच भाषा आहे. इथली जुनी बोली उत्तरेच्या फ्रेंचपेक्षा वेगळी, आणि तिच्यात 'हो'ला 'ओक' म्हणत. 'ओक' म्हणणाऱ्यांची भाषा, म्हणून लांग-द-ओक. पुढे १९०७ साली शेतकऱ्यांच्या हातात जे फलक होते त्यांतले कित्येक याच बोलीत होते, हे लक्षात ठेवा.

द्राक्ष इथे फार जुनं. रोमनांनी ख्रिस्तपूर्व ११८मध्ये नार्बोन वसवलं, आणि तिथली वाइन पुढे इतकी वाढली की इसवी सन ९२मध्ये दोमिशियन बादशहाने प्रांतांतल्या निम्म्या वेली उपटा असा हुकूम काढला. तो किती पाळला गेला याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. पण 'जास्त पिकलं, उपटून टाका' हा सल्ला या मातीला एकोणीसशे वर्षांपासून मिळतो आहे, एवढं नोंदवून पुढे जाऊ.

मधली अनेक शतकं इथे निव्वळ द्राक्ष नव्हतं. सपाटीवर गहू, उतारावर वेली आणि ऑलिव्ह, वरच्या खडकाळ माळावर मेंढ्या. घरच्यापुरती वाइन, थोडी विकायला. १७०९च्या भयंकर हिवाळ्यात ऑलिव्हची झाडं गारठून मेली. ऑलिव्ह पुन्हा उभं राहायला फार वर्षं लागतात, वेल तीन-चार वर्षांत फळ देते, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी पुन्हा लावताना वेलच लागली. त्याआधीच, १६८१मध्ये, पिएर-पोल रिके यांचा मिदी कालवा सुरू झाला होता आणि सेतचं बंदरही होतं. पण वाइन लांब न्यायची तर ती वाटेत आंबते. म्हणून ती भट्टीत घालून ब्रँडी करायची आणि सेतवरून जहाजात चढवायची, असा अठराव्या शतकातला व्यापार होता.

हे सगळं आगगाडीने पालटलं. मोंपेलिए ते सेत रूळ १८३९मध्ये पडले आणि १८५०च्या दशकात हा सगळा टापू एकीकडे पॅरिसशी, दुसरीकडे बोर्दोशी जोडला गेला. आता ब्रँडी करण्याची गरज नाही, वाइन जशीच्या तशी पोचते. त्याच दशकात भुरी आली. आपल्या नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराला भुरी सांगायला नको. मण्यांवर राखेसारखा थर, मग मणी तडकतात. उपाय सापडला गंधकाचा, आणि गंधक केव्हा, किती आणि कसं उडवायचं हे शेतकऱ्यांना नेमकं सांगणाऱ्यांत मोंपेलिएचे आंरी मारेस हे प्रमुख. ज्यांनी आधी गंधक उडवलं त्यांचं पीक आलं आणि बाकीच्यांचं नाही, त्यामुळे भाव चढा. गावंच्या गावं गव्हाची शेतं मोडून वेली लावू लागली.

आणि इथे आपली भेट आरामोंशी होते.

आरामों ही काळ्या द्राक्षाची जात. तिचा एकच गुण, पण तो प्रचंड. उतारावर लावली तर बेताची पिकते, पण सपाटीच्या गाळाच्या जमिनीत उतरवली की हेक्टरी ४०० हेक्टोलिटरपर्यंत वाइन देते. हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर. म्हणजे हेक्टरी ४० हजार लिटर, एकरी १६ हजार! आज याच भागातल्या नामांकित वाइनना हेक्टरी साधारण ५० हेक्टोलिटरची मर्यादा असते, त्यावरून अंदाज करा. अर्थात वेल एवढं पाणी ओढते तेव्हा मण्यात साखर कमी, रंग कमी, कस कमी. मग काय करायचं? रंगासाठी बुशे बापलेकांनी वाट काढली. लुई बुशे यांनी १८२०च्या दशकात आरामोंचा संकर अशा एका जातीशी केला जिचा रसच लाल असतो. (बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पांढराच असतो, रंग सालीत असतो.) मुलगा आंरी याने त्या संकराला ग्रनाशची जोड दिली आणि आलिकांत बुशे ही जात निघाली. रक्तासारखा रस. थोडी ती मिसळली की फिक्या आरामोंला रंग. आणि कस हवा तर स्पेनची, नंतर अल्जीरियाची दणकट वाइन मिसळायची. म्हणजे पॅरिसच्या खानावळीत जी 'दक्षिणेची लाल' मिळायची ती तीन-तीन ठिकाणांची मोट असायची. ती बांधायचे व्यापारी. शेतकऱ्याने पिंप भरायचं, दलालाने येऊन चव घ्यायची आणि भाव सांगायचा.

गावाचं रूपही याच काळात बनलं. आजही बेझिएच्या आसपास फिरलात तर गल्लीत दोन मजली घरं दिसतात, आणि घराच्या मानाने विचित्र वाटावा एवढा मोठा कमानीचा दरवाजा. तो माणसांसाठी नाही, गाडीसाठी. खाली तळमजल्यावर पिंपं, हौद, दाबयंत्र, घोडा. वर बिऱ्हाड. सप्टेंबरात सुगी आली की डोंगराकडून, नंतर स्पेनमधून टोळ्या यायच्या. बायका घड तोडायच्या, पुरुष पाठीवरून वाहायचे. एखादीने वेलीवर घड विसरला की मागून येणाऱ्या पोराला तिच्या तोंडाला तोच घड चोळायचा हक्क, असा रिवाज होता. आज त्याकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू, पण सुगीच्या आठवणी सांगणारे तो हमखास सांगतात. मजुरीत रोजची वाइन धरलेली असायची. पिळून उरलेल्या चोथ्यावर पाणी घालून जे पातळ पेय निघायचं ते घरच्या माणसांनी प्यायचं. खरी वाइन विकायची.

आता संकट. १८६०च्या दशकात गार जिल्ह्यात रोनकाठी काही बागांत वेली सुकायला लागल्या. कारण कळेना. १५ जुलै १८६८ रोजी तिघे जण सेंट-रेमीजवळच्या एका बागेत कुदळी घेऊन उतरले : मोंपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ झूल-एमील प्लांशों, बागायतदार गास्तों बाझील आणि फेलिक्स साहूत. (हे बाझील म्हणजे चित्रकार फ्रेदेरिक बाझील यांचे वडील.) मेलेल्या वेली खणल्या, मुळं कुजलेली, पण कीटक नाही. मग चुकून म्हणा, चतुराईने म्हणा, शेजारची टवटवीत दिसणारी वेल खणली. तिच्या मुळांवर पिवळे ठिपके. भिंगाखाली ते हलत होते. मेलेल्या वेलीवर तो कीटक सापडत नव्हता, कारण खाऊन झाल्यावर तो पुढच्या पंगतीला गेलेला असायचा! हाच फिलॉक्सेरा. अमेरिकेतून आणलेल्या हौसेच्या वेलींबरोबर तो आला होता. शिडाच्या जहाजाच्या लांब प्रवासात तो बहुधा मरत असावा, वाफेच्या जहाजाने प्रवास लहान केला आणि तो जिवंत उतरला.

पुढची वीस वर्षं म्हणजे फ्रेंच शेतीतलं महाभारत. सरकारने १८७४मध्ये उपाय शोधणाऱ्याला ३ लाख फ्रँकचं बक्षीस लावलं. लोकांनी काय काय सुचवलं याची यादी वाचली तर हसावं की रडावं कळत नाही. जे उपाय थोडे तरी चालले ते तीन. हिवाळ्यात बाग चाळीसएक दिवस पाण्याखाली बुडवून ठेवायची, म्हणजे सपाटी आणि कालवा हवा. वाळूत लावायची, कारण वाळूत हा कीटक चालत नाही, म्हणून एग-मोर्तच्या समुद्रकाठच्या ओसाड वाळूला एकदम भाव आला. तिसरा, जमिनीत मोठ्या पिचकारीने कार्बन डायसल्फाइड सोडायचं. घाण वास, पेट घेणारं द्रव्य, खर्च दरवर्षी. गरिबाला परवडेना.

चौथा उपाय होता तो शत्रूच्याच घरचा. अमेरिकन वेलींची मुळं हा कीटक सहन करतात. मग खुंट अमेरिकन आणि वर डोळा आपल्या जातीचा. प्लांशों १८७३मध्ये मुद्दाम अमेरिकेला जाऊन आले. सुरुवातीला मोठा विरोध झाला. अमेरिकन द्राक्षाला एक उग्र, कोल्ह्यासारखा म्हणतात तसा वास असतो, तो वाइनमध्ये उतरेल ही भीती. शिवाय लांगदोकच्या काही जमिनी चुनखडीच्या, तिथे पहिले खुंट पिवळे पडले. मग १८८७मध्ये मोंपेलिएच्या शेतकी विद्यालयाचे पिएर व्हियाला पुन्हा अमेरिकेला गेले आणि टेक्ससच्या चुनखडी टेकड्यांवरच्या रानवेलींपाशी पोचले. तिथे त्यांना टी. व्ही. मन्सन या रोपवाटिकावाल्याची मदत झाली. फ्रान्सने मन्सन यांना पुढे कृषी सन्मान दिला.

इथे एक आडवाट घेतो. आपल्याकडे नाशिक-सांगलीत गेल्या काही दशकांत बहुतेक बागा 'डॉगरिज' खुंटावर उभ्या आहेत. तो डॉगरिज टेक्ससचाच, त्याच रानवेलींच्या गोतातला. आपण तो क्षार आणि पाणीटंचाईसाठी घेतला, फिलॉक्सेरासाठी नाही. पण खुंटावर कलम करून बाग उभी करायची ही सवय जगाला लागली ती या संकटातून. अमेरिकन वेलींबरोबर फ्रान्समध्ये केवडा रोगही आला, आणि त्यावरचं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण हेही त्याच काळातलं. बोर्दोकडे रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना विषाची भीती वाटावी म्हणून मोरचूद शिंपडत. मियार्दे या प्राध्यापकांनी पाहिलं की त्याच वेलींची पानं टिकली आहेत, आणि १८८५मध्ये त्यांनी मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली.

फ्रान्समध्ये १८७५ साली ८ कोटी ४० लाख हेक्टोलिटरच्या आसपास वाइन झाली होती, १८८९ साली ती २ कोटी ३० लाखांवर आली. पण देशाने पिणं सोडलं नाही, आणि ही फट ज्यांनी भरली ते पुढच्या गोष्टीतले खलनायक. एक म्हणजे परदेशी वाइन. दुसरं, अल्जीरिया. तिथे बुडालेले द्राक्षकरी गेले, वसाहतवाल्यांनी हजारो हेक्टर लावले, आणि ही वाइन परदेशी धरली जात नव्हती. तिसरं, मनुक्यांची वाइन : ग्रीस-तुर्कस्तानचे मनुके आणायचे, पाण्यात भिजवायचे, आंबवायचे. आणि चौथं, साखरेची वाइन.

ही साखरेची वाइन जरा नीट समजून घेऊ, कारण सगळं भांडण तिच्यावर झालं. रस आंबताना त्यात साखर घालणं ही जुनी गोष्ट आहे. नेपोलियनचे मंत्री शाप्ताल यांनी १८०१मध्ये ती शास्त्रात बसवली, म्हणून तिला आजही त्यांचं नाव आहे. थंड उत्तरेत द्राक्ष पूर्ण पिकत नाही, तिथे थोडी साखर घालून कस वाढवायचा, एवढाच तिचा हेतू. हिशेब सोपा आहे : लिटरमागे १७ ग्रॅम साखर म्हणजे अल्कोहोलचा एक अंश. आता हाच हिशेब लबाडाच्या हाती द्या. वाइन काढून घेतल्यावर जो चोथा उरतो त्यावर पाणी ओतायचं, साखर घालायची, पुन्हा आंबवायचं. चोथ्यातून थोडा रंग आणि चव येते, नशा साखरेची. १०० किलो साखरेतून आठ अंशांची सातशे लिटरच्या वर 'वाइन' निघते, एकही नवं द्राक्ष न तोडता. संकटाच्या काळात सरकारने याकडे काणाडोळा केला. पुढे १९०३मध्ये साखरेवरचा कर निम्म्याहूनही खाली आणला. त्यामागे उत्तरेचे बीटवाले होते, त्यांची साखर देशात खपायला हवी होती. दक्षिणेला वाटलं, उत्तरेने आपल्या पोटावर पाय दिला.

तोवर दक्षिण पुन्हा उभी राहिली होती. पण कशी? कर्ज काढून, कलमं विकत घेऊन, आणि शक्य तिथे उतार सोडून सपाटीवर. कारण कलमाचा खर्च वसूल करायचा तर भरपूर पिकायला हवं. आरामों, आणि तिच्या जोडीला स्पेनच्या आरागोनकडून आलेली कारिन्याँ. ग्रनाश, सँसो, तेरे, पिकपूल या जुन्या जाती मागे पडल्या. गहू नाही, ऑलिव्ह नाही. गावाचा किराणा, लग्न, शाळामास्तरापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांचं पोट एका पिकाच्या एका भावावर. १९००मध्ये भाव कोसळला. मधे दोन वर्षं पीक कमी आलं म्हणून थोडा सावरला : १९०३ साली देशात साडेतीन कोटी हेक्टोलिटर. १९०४ साली एकदम साडेसहा कोटींच्या वर. ज्या हेक्टोलिटरला चांगल्या वर्षी वीसएक फ्रँक मिळायचे, त्याला सहा-सात मिळेनात. कोठारात पिंपं भरलेली, नवी सुगी दारात, जुनी वाइन गटारात सोडायची पाळी. मजुरांचे संप तर १९०४मध्येच होऊन गेले होते.

आणि मग ११ मार्च १९०७. ओद जिल्ह्यातल्या आर्झलिए गावचे ८७ द्राक्षकरी नार्बोनला निघाले. तिथे संसदेची चौकशी समिती आली होती. पुढे होता मार्सलँ आल्बेर. वय पंचावन्नच्या पुढे, थोडी वेली, एक कॅफे, थोडं नाटकाचं वेड. काटकुळा, दाढीवाला. गेली कित्येक वर्षं तो एकटाच 'खऱ्या वाइनचं रक्षण करा' म्हणत फिरायचा आणि गाव त्याला हसायचं. ८७ जण समितीपुढे बोलले, परत आले. काहीच घडलं नाही. पण पुढच्या रविवारपासून ते गावोगाव जाऊ लागले. आल्बेर झाडावर चढून बोलायचा. आधी शेकड्यांत माणसं, मग हजारांत. ५ मेला नार्बोन : ऐंशी हजारांच्या वर. १२ला बेझिए, लाखाच्या पलीकडे. मग पेर्पिन्याँ, कार्कासोन, निम, दर रविवारी नवं शहर आणि आणखी मोठी गर्दी. ९ जूनला मोंपेलिएमध्ये किमान पाच लाख लोक होते असं म्हणतात. आकडा फुगवलेला धरला तरी, ज्या टापूत सगळे मिळून जेमतेम वीस लाखांच्या आत माणसं राहतात, तिथे हे काय असेल ते बघा. रात्री झोपायला जागा नाही म्हणून मोंपेलिएच्या बिशपांनी चर्चचे दरवाजे उघडले. फलकांवर बोलीभाषेत लिहिलेलं असायचं, की एवढी चांगली वाइन आहे आणि खायला पाव नाही.

या गर्दीत कोण होतं? मोठे जमीनदार होते, अर्धा हेक्टरवाले होते, आणि तीन वर्षांपूर्वी त्याच जमीनदारांविरुद्ध संप केलेले मजूरही होते. राजेशाहीवाले, समाजवादी, पाद्री, पाद्र्यांचे शत्रू. नार्बोनचे महापौर फेरूल हे समाजवादी डॉक्टर, आंदोलनाचा दुसरा चेहरा तेच. सगळे एकत्र येऊ शकले कारण शत्रू बाहेरचा होता : भेसळ. आम्हाला विचाराल तर इथे थोडं थांबून बघायला हवं. भेसळ खरी होती, यात शंका नाही. पण साडेतीन कोटींवरून साडेसहा कोटींवर उडी साखरेने मारली नव्हती, आरामोंने मारली होती. शिवाय पिंपात पाणी ओतणारे आणि साखर घालणारे दक्षिणेतही होते. 'आपण फार पिकवतो, आणि फार पातळ पिकवतो' हे वाक्य त्या व्यासपीठांवरून कोणी बोललं नाही. ते बोललं असतं तर गर्दी दुसऱ्या रविवारीच फुटली असती, कारण मग प्रश्न आला असता की कोणाच्या वेली उपटायच्या, उतारावरच्या गरिबाच्या की सपाटीवरच्या सावकाराच्या. हे आज मागे वळून म्हणणं सोपं आहे, तेही मान्य.

सरकारला १० जूनची मुदत दिली होती. ती उलटली आणि शेकडो गावांच्या नगरपालिकांनी राजीनामे दिले. कर भरणं बंद. पंतप्रधान होते क्लेमांसो. त्यांनी हजारो सैनिक पाठवले. १९ जूनला फेरूल यांना पहाटे घरातून अटक झाली. नार्बोनमध्ये त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सैन्याने गोळ्या झाडल्या. अर्धा डझन तरी माणसं मेली, त्यांत बाजाराला आलेली वीस वर्षांची एक मुलगी होती. पेर्पिन्याँत जमावाने प्रीफेक्टच्या कचेरीला आग लावली.

आता १७वी पायदळ पलटण. तिच्यात बेझिए आणि आसपासचीच पोरं, बरीचशी द्राक्षकऱ्यांच्या घरची. धोका नको म्हणून तिला दोन दिवस आधी बेझिएहून आग्दला हलवलं होतं. नार्बोनच्या गोळीबाराची बातमी पोचली तशी २० जूनच्या रात्री सुमारे ५०० शिपायांनी दारूगोळ्याची कोठी फोडली आणि रात्रभर वीसएक किलोमीटर चालत बेझिएला आले. बंदुका उलट्या धरून मुख्य रस्त्याच्या झाडांखाली बसले. लोकांनी पाव आणला, वाइन आणली. दुसऱ्या बाजूला सरकारी फौज. एक गोळी सुटली असती तर काय झालं असतं? सुटली नाही. वाटाघाटी झाल्या, पोरं बराकीत परतली, एकेकट्यावर खटला भरला नाही, पण त्यांना ट्युनिशियात गाफ्साला धाडलं. त्यांच्यावर मोंतेयूस या गायकाने केलेलं गाणं फ्रान्सच्या कामगार सभांत पुढे कित्येक वर्षं म्हटलं गेलं.

आल्बेरचं काय झालं? पकड वॉरंट चुकवून तो पॅरिसला गेला आणि २३ जूनला थेट क्लेमांसोंना भेटला. क्लेमांसो हे मुरलेले राजकारणी, हा गावचा कॅफेवाला. बोलता बोलता आल्बेर रडला असं सांगतात. निघताना क्लेमांसोंनी त्याला परतीच्या भाड्यासाठी १०० फ्रँकची नोट दिली, त्याने ती घेतली, आणि क्लेमांसोंनी ही गोष्ट पत्रकारांना सांगितली. संपलं. गावी परतला तेव्हा त्याच्याकडे विकला गेलेला माणूस म्हणून बघणारे होते. १९२१मध्ये तो गरिबीतच गेला. नोट घेतली नसती तर? आम्हाला वाटतं, ज्याच्या खिशात परतीचं भाडं नसतं त्याने ती घ्यायलाच हवी होती, आणि ते क्लेमांसोंना पुरतं माहीत होतं.

पण कायदा झाला. २९ जून १९०७. साखर घालण्यावर जादा कर. आणि प्रत्येक द्राक्षकऱ्याने सुगीनंतर गावच्या कचेरीत लिहून द्यायचं : माझ्या वेली इतक्या, वाइन इतकी. ती नोंद कचेरीच्या दारावर लावायची. हे शेवटचं कलम आम्हाला फार हुशार वाटतं. सरकारी तपासनीस वर्षातून एकदा येईल, न येईल. शेजारी रोज त्या दारावरून जातो, आणि तुझी बाग केवढी आहे हे त्याला पाठ असतं. सप्टेंबरात हुकूम निघाला की वाइन म्हणजे ताज्या द्राक्षांच्या किंवा ताज्या द्राक्षरसाच्या आंबवण्यातूनच झालेलं पेय, दुसरं काही नाही. त्याच महिन्यात नार्बोनमध्ये द्राक्षकऱ्यांचा महासंघ उभा राहिला, अध्यक्ष फेरूल, आणि तो स्वतःचे तपासनीस नेमून भेसळवाल्यांना कोर्टात खेचू लागला.

दुसरी गोष्ट कायद्याने नाही, गावानेच केली. बेझिएजवळच्या मारोसाँ गावात १९०१च्या डिसेंबरात लहान द्राक्षकऱ्यांनी 'मुक्त द्राक्षकरी' नावाची संस्था काढली. लहान माणसाची अडचण अशी की त्याच्याकडे एकदोन पिंपं, ती ठेवायला जागा नाही, पुढच्या सुगीआधी रिकामी करायलाच हवीत. दलालाला हे ठाऊक. मारोसाँच्या लोकांनी सगळ्यांची वाइन एकत्र केली आणि ती दलालाला वगळून पॅरिसच्या कामगारांच्या ग्राहक संस्थांना विकली. १९०५मध्ये त्यांनी सामाईक कोठार बांधलं, समाजवादी नेते झोरेस ते बघायला आले. आपल्या प्रवरेच्या साखर कारखान्याआधी ४५-५० वर्षांची ही गोष्ट. १९०७नंतर अशी कोठारं वाढत गेली, आणि १९३०च्या दशकात तर चर्चच्या मनोऱ्यानंतर गावातली सगळ्यांत मोठी इमारत सहकारी वाइन कोठाराची, असं चित्र झालं. घराच्या कमानीखालची पिंपं रिकामी पडली. घरोघरची वाइन संपली, गावाची एक वाइन सुरू झाली. त्यात फायदा झाला तसा एक तोटाही. द्राक्ष वजनावर आणि साखरेच्या अंशावर मोजलं जायचं, त्यामुळे उतारावरच्या कसदार द्राक्षाला सपाटीच्या द्राक्षापेक्षा फार वेगळं काही मिळत नव्हतं. आरामों आणि कारिन्याँ आणखी पन्नास वर्षं टिकल्या त्या या तराजूवर.

पुढचं झपाट्याने सांगतो. १९३०च्या दशकात अल्जीरियाच्या वाइनचा लोंढा, पुन्हा मंदी. सरकारने नव्या लागवडीवर बंधनं घातली, आणि १९३४मध्ये सहा जुन्या अमेरिकन जातींवर बंदी आणली : नोआ, ओथेलो, इसाबेल, झाके, क्लिंटन, एर्बेमों. कारण काय सांगितलं, तर ही वाइन वाईट, आरोग्याला घातक. खरं कारण एवढंच की वाइन फार झाली होती आणि कोणाला तरी बाहेर काढायचं होतं. सेव्हेन डोंगराळ भागातल्या गरीब शेतकऱ्यांना या वेली फवारणीशिवाय पिकायच्या. त्यांनी त्या घरामागे, मांडवावर गुपचूप ठेवल्या, आणि कित्येक ठिकाणी अजून आहेत. यातली इसाबेल म्हणजे आपल्याकडे जी काळी, जाड सालीची, उग्र वासाची 'बेंगलोर ब्लू' द्राक्षं येतात, तीच किंवा तिची सख्खी बहीण.

१९६२मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. मग इटलीची स्वस्त वाइन युरोपच्या सामाईक बाजारातून येऊ लागली. ४ मार्च १९७६ला नार्बोनजवळ मोंत्रदोंला द्राक्षकरी आणि पोलीस समोरासमोर आले, दोन्हीकडून गोळ्या चालल्या, एक द्राक्षकरी आणि एक पोलीस अधिकारी मेला. त्यानंतर कोणी रविवारच्या लाखांच्या सभा घेतल्या नाहीत. वेली उपटण्यासाठी युरोपने पैसे द्यायला सुरुवात केली आणि लोकांनी ते घेतले. आरामों जवळजवळ नाहीशी झाली. तिच्या जागी सिरा, ग्रनाश, मूर्व्हेद्र लागल्या. १९८०च्या दशकात फोझेर, सें-शिन्याँ, कोर्बियेर, मिनेर्व्हवा या टापूंना एकेक करून नामांकनाचा दर्जा मिळाला, आणि तो मुख्यतः त्याच उतारांना, जे फिलॉक्सेरानंतर सोडून दिले होते.

कारिन्याँचं मात्र गमतीदार झालं. तिलाही उपटायचंच ठरलं होतं, हेक्टरी बक्षीस तिच्यावरही होतं. पण काही म्हाताऱ्यांनी डोंगरावरच्या, ट्रॅक्टर न जाणाऱ्या तुकड्यांतल्या वेली आळसाने म्हणा, मायेने म्हणा, तशाच राहू दिल्या. त्या वेली आता ऐंशी-शंभर वर्षांच्या आहेत, घड मोजके देतात, वाइन दाट होते. आज 'जुन्या वेलींची कारिन्याँ' असं लेबलावर छापून ती विकतात. आर्झलिएच्या आसपास, ज्या टापूतून ते ८७ जण चालत निघाले होते, तिथेही असे तुकडे आहेत. आणि तिथला द्राक्षकरी सुगी झाली की आजही आपलं विवरणपत्र भरतो : वेली इतक्या, वाइन इतकी. फक्त आता ते कचेरीच्या दारावर लागत नाही, संगणकावरून जातं.